रा. रा. स्क्लेरोसिसराव यांस, तुटीबाबत

रा. रा. मल्टिपल स्क्लेरोसिसराव यांस,
मुक्काम : माझ्या मानेतला मज्जारज्जू; शिवाय मेंदूत दोन-चार ठिकाणी बिनभाड्याने.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं कौतुक करायचं राहूनच गेलं. पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या बाईला अफरातफरीचं नवल नसतं. खोट्या सह्या पाहिल्या, पितळेच्या बांगड्या सोन्याच्या म्हणून तारण ठेवणारे पाहिले, मेलेल्या सासऱ्याच्या नावाने व्याज उचलणारे जावईही पाहिले. पण कुलूप न तोडता, गज न वाकवता, तिजोरी होती तिथेच ठेवून आतला ऐवज तेवढा नेणारे आपणच पहिले. माझा उजवा हात जागेवर आहे. पाचही बोटं आहेत, नखं वाढतात, अंगठी बोटात आहे. कुणीही बघावं आणि म्हणावं, काय झालंय हिला? ही सफाई एखाद्या मुरलेल्या कारकुनालासुद्धा जमायची नाही.

आपण नेमकं काय नेलंत ते आपल्याला ठाऊक असेलच, तरी नोंद असावी म्हणून लिहिते. आमच्याकडे नोटा मोजायचं यंत्र होतं. पण यंत्रातून आलेलं बंडल मी परत हाताने मोजायची, कारण माझा विश्वास अंगठ्यावर होता. अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा आणि नोट सरकवत जायचं. मोजतो तो अंगठाच, डोळे नुसते सोबतीला. दोन नोटा चिकटून आल्या की डोळ्यांना दिसायच्या आत अंगठा थबकायचा. नव्या पाचशेच्या नोटेला दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या उठावाच्या रेषा असतात, शंभराला चार, दोनशेला चार आणि त्यांच्यामध्ये दोन लहान वर्तुळं. ज्यांना दिसत नाही त्यांना नोट ओळखता यावी म्हणून त्या छापलेल्या. मला समोरच्या खातेदाराशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलता बोलता त्या कळायच्या. मग एका उन्हाळ्यात त्या रेषा गुळगुळीत झाल्या. आधी वाटलं नोटाच झिजल्या आहेत. मग संध्याकाळी रोख जुळेना. तूट माझ्या पगारातून वळती झाली, हे आपल्या खात्यावर नावे टाकून ठेवलं आहे.

आता आपल्या वेषांतराविषयी. पहिल्या डॉक्टरांकडे आपण ‘मानेचं स्पॉन्डिलायटिस’ म्हणून गेलात आणि माझ्या गळ्यात पट्टा आला. दुसऱ्यांकडे आपण ‘बी-ट्वेल्व्हची कमतरता’ झालात, मला सुया टोचल्या गेल्या. तिसऱ्यांना मनगटातली नस दबल्याचा संशय आला. त्यांनी हाताच्या नसांची विजेवरची तपासणी केली आणि अहवाल नॉर्मल आला. येणारच. आपण हातात कधी नव्हताच. चोरी हाताची आणि चोर मानेत, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कसं कळणार? मधल्या काळात सासूबाईंनी “टेन्शन घेतेस तू” असं निदान फुकटात करून ठेवलं होतं. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून थेट पायापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं, तेही मी टेन्शनवरच ढकललं. त्याला लेर्मितची खूण म्हणतात आणि ती मानेतल्या मज्जारज्जूकडे बोट दाखवते, हे पुढे कळलं. पाठवणाऱ्याचा पत्ताच आपण दिला होतात, वाचणारा भेटायला वेळ लागला.

वाचणारे डॉक्टर भेटले ते मेंदू-मज्जासंस्थेचे. त्यांनी आधी हात दाबून पाहिला, जोर उत्तम. मग म्हणाले, “डोळे मिटा आणि दोन्ही हात पुढे धरा.” धरले. “आता उघडा.” माझ्या उजव्या हाताची बोटं आपापली वर-खाली हलत होती, कुणी न सांगता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पुन्हा डोळे मिटायला लावले आणि तळहातावर काहीतरी ठेवलं. “काय आहे ओळखा.” मी बोटं फिरवली. काहीतरी आहे एवढं कळत होतं. गोल की चौकोनी, जाड की पातळ, काही नाही. मी म्हटलं, “बटण?” डोळे उघडले तर पाच रुपयांचं नाणं. अहो, कॅशियरच्या हातावर नाणं आणि तिला ते बटण वाटावं! विनोदाची आपली जाण वरच्या दर्जाची आहे, हे तेव्हाच मान्य केलं.

या प्रकाराला ‘ओपेनहाइमचा निरुपयोगी हात’ असं नाव आहे. हेर्मान ओपेनहाइम नावाच्या जर्मन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं. हातात ताकद असते, पण आपलं बोट कुठे आहे, किती वाकलं आहे, त्यात काय धरलं आहे याची खबर मेंदूला पोचत नाही. त्यामुळे हात वापरायचा तर त्याच्यावर नजर ठेवावी लागते. चहाच्या कपाकडे बघत राहिले तर तो हातात राहतो, टीव्हीकडे बघितलं की लादीवर. ब्लाउजची मागची हुकं बघता येत नाहीत, म्हणून आता पुढून हुकं असलेले ब्लाउज शिवते. पर्समध्ये हात घालून किल्ली काढता येत नाही. दारात उभं राहून सगळी पर्स पायरीवर पालथी करावी लागते. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “काय गं, एवढं काय हरवलं?” त्यांना काय सांगू?

आपली कामाची पद्धत मी नंतर समजून घेतली. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. आवरण धड असेल तर संदेश त्यातल्या फटींवरून उड्या घेत जातो, डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली की मधली स्टेशनं नुसती खिडकीतून दिसतात तसा. वेगही तसाच, सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त. आवरण उतरलं की तीच गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबू लागते आणि कधीकधी मधेच रद्द होते. बोटांच्या टोकापासून मानेपर्यंत माझी गाडी वेळेवर येते. मानेत शिरली की आपल्या राज्यात येते.

आणि हे सगळं आपण स्वतःच्या हातांनी करत नाही, ही तर खरी कमाल. माझीच प्रतिकारशक्ती, माझ्याच पगारावर पोसलेले पहारेकरी, त्यांना आपण फितवलंत. त्या पेशी रक्तातून मेंदूत शिरतात आणि मायलिनलाच परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. जखम भरते तिथे टणक वण राहतो. आपला साथीदार कोण याचा तपास बरीच वर्षं चालला होता. 2022 साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की एप्स्टीन-बार नावाच्या विषाणूची लागण झाली की आपण गाठण्याची शक्यता सुमारे 32 पटींनी वाढते. मात्र हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच आणि त्यांचं काही बिघडत नाही. तेव्हा खबऱ्या सापडला असं म्हणू; सूत्रधार अजून मोकळाच. आपली आवडनिवड मात्र पक्की. वीस ते चाळीस वयाची माणसं, त्यातही बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. थंड मुलुखांत आपला वावर अधिक, म्हणून भारतात पूर्वी आपल्याला ‘गोऱ्यांचा आजार’ समजायचे. पण मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात पारशी समाजाची पाहणी केली तेव्हा आपण तिथे चांगलेच नांदत असल्याचं दिसलं. आता एमआरआय गावोगाव झाले तसे आपले पत्ते वाढू लागले आहेत. लपायला जागा कमी पडत असेल, वाईट वाटतं.

हातांवरचं आपलं प्रेम जुनं आहे, हे मला पॅरिसच्या एका मोलकरणीच्या गोष्टीवरून समजलं. 1868 साली साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी आपल्याला नाव दिलं, ओळखपत्र काढून दिलं म्हणा. त्यांच्या घरी एक कामवाली होती, तिचे हात थरथरायचे. त्या थरथरीपायी तिला कुणी काम देत नव्हतं. शार्कोंनी तिला ठेवून घेतलं. तिने फोडलेल्या बश्या-ताटल्यांचा खर्च त्यांना चांगलाच जड गेला, पण त्यांनी तिला काढलं नाही. ती वारल्यावर तपासणी करून त्यांनी सिद्ध केलं की त्या थरथरीमागे आपणच होता. शार्को गेल्यावर 1893 मध्ये त्यांच्या एका तरुण विद्यार्थ्याने मृत्युलेखात ही हकिकत लिहिली. विद्यार्थ्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. मला या गोष्टीत शार्कोंचं कौतुक आहेच, पण जास्त विचार येतो तो त्या बाईचा. दर बशीगणिक तिला काय वाटत असेल? मालक सोसतो ते आपल्या कष्टांसाठी की आपल्या मरणासाठी, हे तिला कुणी सांगितलं होतं का? तिचं नाव मात्र त्या मृत्युलेखात नाही. आपलं नाव सगळीकडे आहे.

ती थरथर वेगळी, हेही आपल्याच कलेचं अंग. मुंबईत आम्हा रुग्णांचा जो गट जमतो त्यात एक तरुण इंजिनिअर आहे. त्याचा हात मांडीवर असतो तेव्हा शांत. चहाचा कप उचलायला निघाला की हलू लागतो आणि कपाच्या जितका जवळ जाईल तितका जास्त हलतो. शेवटच्या दोन इंचांत तर हात चहू दिशांना. मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्कात आपण वण पाडले की असं होतं. दूर असताना काही नाही आणि हाताशी आलं की द्यायचं नाही! सरकारी अनुदानाची आठवण झाली. तो मनगटाला वजनाचा पट्टा बांधतो, त्याने थरथर थोडी आवरते. कप अर्धाच भरून घेतो आणि दोनदा मागतो.

आणि आपण मोठमोठ्यांच्या घरीही जाता. जॅकलीन डू प्रे, इंग्लंडची चेलोवादक, विशीतच जगभर गाजलेली. 1973 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला तिचे कार्यक्रम होते. बोटांची संवेदना गेलेली; धनुकलीचं वजन हाताला कळेना, चेलोची पेटी उघडणंही जिकिरीचं झालं. तारेवर बोट कुठे पडतंय ते तिला डोळ्यांनी बघून वाजवावं लागलं. ठरलेल्या चारांपैकी तीन कार्यक्रम तिने कसेबसे पार पाडले आणि त्यानंतर ती पुन्हा जाहीरपणे वाजवू शकली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपलं नाव तिला कळलं, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. 1987 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गेली. डोळ्यांनी बघून वाजवणं म्हणजे काय, हे संगीतातलं काही न कळणाऱ्या मला पूर्ण कळतं. तेवढ्यापुरते मी आपले आभार मानते. तेवढ्यापुरतेच.

आता मूळ तक्रार. आपण हातात चोरी करता आणि पंच पाय मोजत बसतात. आपली तीव्रता ठरवायला जगभर जी मोजपट्टी वापरतात ती जॉन कर्ट्झके या अमेरिकी डॉक्टरांची, 1983 ची. शून्य ते दहा. त्यात चारच्या पुढे गेलं की बराच पल्ला एकाच प्रश्नावर ठरतो : रुग्ण किती चालतो, काठी लागते का, खुर्ची लागते का. माणूस चालत दवाखान्यात आला की निम्मा खटला तिथेच निकालात. औषधं उपयोगी आहेत की नाहीत हे ठरवतानासुद्धा बरीच वर्षं हीच पट्टी. हे आपणच सुचवलंत की काय, अशी मला शंका आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आपलं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. एकवीस प्रकारांच्या यादीत, दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली. म्हणून मी प्रमाणपत्राला गेले. निदान चाळीस टक्के दिव्यांगत्व भरलं तर सवलती. तिथल्या बाबूंनी माझ्या पायांकडे पाहिलं. “चालत आलात?” हो. “जिना चढून?” हो, लिफ्ट बंद होती. “मग?” मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, “ठीक दिसतोय की.” आपला विजय होताना मी समोर उभी राहून पाहिला. मी एक पाऊल जरी लंगडत टाकलं असतं तरी काम झालं असतं, असं बाहेर पडताना रांगेतल्या एका आजोबांनी मला समजावलं. मनापासून समजावत होते ते.

हाताची परीक्षा नाहीच असं नाही. नऊ भोकांची एक पाटी असते आणि नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या झाल्या की एकेक काढून परत वाडग्यात टाकायच्या, घड्याळ लावून. धडधाकट माणसाला साधारण वीस सेकंद लागतात. मागच्या वेळेपेक्षा वेळ वीस टक्क्यांनी वाढला तर हात खरोखर बिघडला असं धरतात. पाटी स्वस्त, कुठल्याही टेबलावर मावते आणि दहा मिनिटांत उरकते. तरीही आपल्याला पकडणारं एवढं साधं यंत्र प्रत्येक दवाखान्यात का नसतं, हे मला कुणी सांगेल का? माझी पहिली खुंटी पहिल्या भोकात शिरली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर खुंटी पडली असती.

बँकेतला प्रसंग सांगते, तो आपल्याला आवडेल. सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. आयुष्यभर ज्या कारणाने मी लोकांचे चेक परत पाठवले तेच कारण, त्याच चौकटीत, तीच टिकमार्क. बँकेत गेले. टेबलामागचा मुलगा माझ्या भाचरांच्या वयाचा. “मॅडम, इथे सही करून दाखवा.” माझी सही पूर्वी एका झटक्यात व्हायची, शेवटी लांब शेपूट आणि खाली दोन टिंबं. आता पेन किती घट्ट धरलंय ते मला कळत नाही, म्हणून मी ते गच्च धरते आणि कागदावर इतकं दाबते की पुढच्या पानावरही उमटतं. सही रेघेवरून चढत वर गेली, शेपूट अर्ध्यात तुटलं, टिंबाच्या जागी भोक. त्याने स्क्रीनवरची जुनी सही बघितली, ही बघितली, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वतःची मोठी बहीण असून धाकटीचे पैसे लाटायला आले आहे. “मॅडम, हात तर व्यवस्थित दिसतोय.” पुन्हा तेच वाक्य. आपण ते सगळ्यांना वाटून ठेवलं आहे का?

सुदैवाने या बाबतीत मी त्याच्याहून वरच्या वर्गातली. आजारपणामुळे सही न करू शकणाऱ्या खातेदाराला अंगठ्याचा ठसा चालतो, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. मी त्याला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आमच्या पतसंस्थेत भाजी विकणाऱ्या आजी ठसा द्यायच्या आणि शाई लागलेला अंगठा केसांना पुसायच्या. त्यांचे अंगठे स्टॅम्पपॅडवर मी किती वेळा धरले असतील! त्या दिवशी माझा अंगठा त्या मुलाने धरला. त्याचा हात चांगलाच ऊबदार होता. तेवढं मला कळलं. तापमानाची वाट मज्जारज्जूत दुसऱ्या बाजूने जाते, तिथे आपण अजून पोचलेला नाहीत.

उन्हाळ्यात आपली मेहेरबानी वाढते, तेही लिहून ठेवते. 1890 मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ यांनी व्यायामानंतर काही रुग्णांची दृष्टी मंदावते असं नोंदवलं. अंग तापलं की उघडे पडलेले तंतू आणखीच कुचराई करतात, हे पुढे समजलं. मे महिन्यात डोंबिवलीत दुपारी दोनला माझा हात म्हणजे नुसता मनगटापुढे जोडलेला ऐवज. थंड पाण्याचा तांब्या आणि पंखा, संध्याकाळपर्यंत तो परत येतो. लेकीला हे वेळापत्रक पाठ झालंय. “आई, चार वाजेपर्यंत काही उचलू नकोस,” असं ती परीक्षेला जाताना बजावून जाते.

आता वसुलीचं. आपण आलात की स्टेरॉइडची सलाइन लावतात, तीन ते पाच दिवस, त्याने धाड लवकर आवरते. पुढच्या धाडी थांबवायची औषधं 1993 पासून बाजारात आहेत. तेव्हा एक होतं, आता डझनाच्या वर आहेत, आणि 2017 मध्ये हळूहळू सरकत जाणाऱ्या प्रकारावरही एक आलं. गेलेलं आवरण परत चढवणारं मात्र अजून एकही नाही. म्हणजे पुढची चोरी थांबेल, मागचा ऐवज मिळणार नाही. पतसंस्थांच्या ठेवीदारांना हे ओळखीचं वाटेल.

त्यामुळे मी मेंदूला दुसरी वाट शिकवायला घेतली आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी वाडगाभर मूग आणायला सांगितले. त्यात नाणी, किल्ली, बटणं पुरायची आणि डोळे मिटून शोधायची. पेनला रबराची जाड मूठ बसवली, चमच्यांनाही. मंगळसूत्राच्या हुकाला चुंबक लावून घेतला, सोनाराने आधी भुवया उंचावल्या, मग म्हणाला, “वहिनी, हे माझ्या आईलासुद्धा चालेल.” सासूबाई मुगाच्या वाडग्यात काय काय पुरता येईल याचा हौसेने विचार करतात. परवा त्यांनी कवळीच पुरली होती. ती मात्र मी पहिल्या झटक्यात ओळखली आणि किंचाळले.

कळावे. लोभ नसावा ही विनंती.

आपली खातेदार
(उजव्या अंगठ्याचा ठसा)
साक्षीदार 1 : आमचे हे
साक्षीदार 2 : सासूबाई, ज्यांनी आपल्याला ‘टेन्शन’ नावाने ओळखलं होतं

ता. क. : उत्तराची घाई नाही. आपण लिहिता ते एमआरआयच्या फिल्मवर, पांढऱ्या ठिपक्यांत, आणि पुढची फिल्म दिवाळीनंतर आहे. मजकूर मागच्या वर्षीचाच असावा. नवीन काही सुचलं असेल तर ते आपल्यापाशीच ठेवावं.